एकोणिसाव्या वहीतली पानं

१

वही जागेवर होती. पुठ्ठा तोच, निळी कापडी पाठ तीच, पाठीवर चिकटवलेला एकोणीस आकडाही तोच. आतली पानं मात्र कोरी होती. अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत.

भाचीने ती वही मावशींसमोर उघडून ठेवली आणि खुर्चीत अंग टाकलं. बुधवारची सकाळ होती. शनिवारी तपासणी समिती यायची होती.

"सव्वीस वर्षांच्या सव्वीस वह्या," ती म्हणाली. "या इस्पितळात वीर्यतपासणीला आलेल्या प्रत्येक पुरुषाची मोजणी यात आहे. मी सहा वर्षं यांच्यावर काम करतेय. पुरुषांच्या वीर्यातल्या शुक्रजंतूंची संख्या वर्षागणिक हळूहळू घटत चाललीय, हे मला दाखवायचंय. समितीला मूळ वह्या बघायच्यात. आणि नेमकी हीच गायब!"

"नेमकी हीच म्हणजे?"

"आलेखात सगळीकडे बारीक उतार आहे. फक्त एकोणिसाव्या वर्षी खड्डा पडलाय. संख्या एकदम घसरली आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर आली. समितीत एक पाहुणे प्राध्यापक आहेत. ते म्हणतात, एका वर्षात पुरुषजात बदलत नसते, तुमची प्रयोगशाळाच बेभरवशाची आहे. आता ही कोरी वही पाहिली की ते म्हणणार, मीच पानं फाडली."

मावशींनी चष्मा पुसला. तीस वर्षं त्यांनी न्यायालयात हस्ताक्षरं तपासली होती. खोटी मृत्युपत्रं, बनावट सह्या, खाडाखोड केलेले दाखले त्यांच्या भिंगाखालून गेले होते. निवृत्तीनंतर भिंग देव्हाऱ्यातल्या समईसारखं नुसतं पुसून ठेवलं होतं. आज ते पर्समध्ये टाकून आणलं, याचं त्यांना बरं वाटलं.

मूळ पानं काढून त्या जागी ही हाताने शिवली होती. त्यांनी पान उजेडाला धरलं. कडा पिवळसर होत्या. वर छापील रकाने होते: दिनांक, क्रमांक, पहिली मोजणी, दुसरी मोजणी.

"हा कागद नवा नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि हे रकाने? अजून हेच वापरता का?"

भाचीने वाकून पाहिलं. "नाही. मी आले तेव्हा मी एक रकाना वाढवला. नमुना देण्याआधी किती दिवसांचा संयम होता, तो. त्यामुळे संख्येत फरक पडतो. गेली सहा वर्षं नवेच कागद वापरतो."

"म्हणजे चोराकडे सहा वर्षांपूर्वीचे कोरे कागद होते," मावशी म्हणाल्या. "चोर बाहेरचा नाही."

२

अधीक्षकांच्या खोलीत घड्याळापेक्षा अधीक्षकच जास्त टिकटिक करत होते. टेबलावर पेन आपटत ते बोलायला लागले.

"हे बघा बाई, मला पहिल्यापासून हा विषयच पसंत नव्हता. पुरुषांना सांगायचं की तुमच्यात काही राहिलं नाही! मग तपासणीला येणार कोण? वह्यांच्या कपाटाच्या दोन चाव्या आहेत. एक मॅडमकडे, एक माझ्याकडे. माझी मी मागेल त्याला देतो, लपवायचं काय त्यात?"

"मग संशय सगळ्यांवरच."

"छे! गणिती पोरगा आहे ना, त्याच्यावरच. दोन वर्षांपूर्वी त्यानेच सगळ्या वह्या संगणकावर चढवल्या. आणि नियम मोडून एक वही घरी नेली होती. कुठली, विचारा त्याला. मी निलंबनाचं पत्र टाइप करायला सांगितलंय. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या हातात ठेवणार. समितीला गुन्हेगार दाखवला की प्रकरण मिटलं."

मावशी तडक गणितज्ञाकडे गेल्या. तिशीचा, लांब मानेचा, सतत काहीतरी चघळणारा तो माणूस त्यांना पाहताच उभा राहिला. त्याचं तोंड आधीच उतरलं होतं.

"नेली होती हो घरी," तो म्हणाला. "एकोणिसावीच. खड्डा बघून माझीच टंकताना चूक झाली असेल वाटलं, म्हणून दोन दिवस घरी बसून ताडून पाहिली. एकही आकडा चुकलेला नव्हता. परत आणून ठेवली. शपथ घेऊ का?"

"शपथ नको. आकडे दाखवा."

त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रत्येक नमुन्याच्या दोन मोजण्या होत्या. ११८, १२०. ९६, ९७. १३१, १२९. पानामागून पानं तशीच.

"हेच तर मला कळत नाही," तो म्हणाला. "लोक म्हणतात हे वर्ष बिघडलेलं. पण सव्वीस वर्षांत सगळ्यात स्वच्छ मोजणी याच वर्षाची आहे! दोन मोजण्यांत तिनाच्या वर फरक कुठेच नाही. बाकीच्या वर्षांत बघा, दहा, पंधरा, वीस."

मावशींनी त्या आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं. न्यायालयात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. एका माणसाच्या दोन खऱ्या सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. जुळल्या, तर त्यातली एक गिरवलेली असते.

पण हे तर आकडे होते. आकड्यांना हा न्याय लागतो का?

३

हे विचारायला एकच माणूस होता. प्रयोगशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ. पहिल्या वहीपासून इथे असलेले, सगळ्या नवशिक्यांचे कान उपटून त्यांना शिकवलेले. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. दीड वर्षाने निवृत्त होणार होते.

"मॅडमच्या मावशी? या, या!" मास्तरांनी स्टूल पुढे केलं. "वाईट झालं हो वहीचं. पण पोराने नाही केलं ते. त्याला शर्टाचं बटण शिवता येत नाही, तो वही कसली शिवतोय!"

"मला मोजायला शिकवाल?" मावशींनी विचारलं. "एकदा तरी बघावं म्हणते."

मास्तर खुलले. त्यांनी एक जाड काच घेतली, तिच्यावर नजरेला न दिसणाऱ्या बारीक चौकटी कोरलेल्या होत्या. पातळ केलेल्या नमुन्याचा थेंब त्यांनी काचेच्या दोन्ही बाजूंना सोडला आणि सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला.

"आधी डावी बाजू. चौकटीत जेवढे दिसतील तेवढे मोजा. रेषेवरचे वरच्या आणि डाव्या बाजूचे धरा, बाकीचे सोडा. घाई करू नका."

मावशींनी डोळा लावला. राखाडी उजेडात इवलीइवली डोकी आणि केसापेक्षा बारीक शेपट्या. औषध घालून त्यांना निपचित केलेलं होतं. मोजता मोजता त्यांची मान अवघडली. मास्तरांनी खणातून एक जुना कोरा कागद काढून पुढे सरकवला. त्यावर मावशींनी लिहिलं, १८७. मग उजवी बाजू मोजली. २०६.

"अरे देवा! एकोणीसचा फरक? मी काहीतरी घोळ घातला."

"मुळीच नाही!" मास्तर हसले. "बाई, थेंब एकच असला तरी जंतू काय रांगेत उभे राहतात? इकडे चार जास्त, तिकडे चार कमी. फार फरक पडला तर पुन्हा मोजायचं. आणि अगदीच सारखे आकडे वारंवार यायला लागले ना, तर मी त्या शिकाऊ मुलाला उभा करतो. म्हणतो, बाबा रे, दुसरी बाजू तू मोजलेलीच..."

ते थांबले. वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी काच उचलली आणि नळाखाली धरली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ ते ती धूत राहिले.

मावशींनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. वर छापील रकाने होते: दिनांक, क्रमांक, पहिली मोजणी, दुसरी मोजणी. पाचवा रकाना नव्हता.

"हा कागद जुना दिसतो," त्या सहज म्हणाल्या.

"मी काही टाकत नाही हो," मास्तर पाठमोरेच म्हणाले. "रफ कामाला होतात."

४

शुक्रवारी सकाळी मावशींनी भाचीकडून अठरावी आणि विसावी वही मागून घेतली.

"पण गायब तर एकोणिसावी आहे ना?"

"म्हणूनच शेजारच्यांना विचारायचं. घर बंद असलं की शेजारीच सांगतात."

खिडकीपाशी बसून त्यांनी भिंग काढलं. अठरावी वही संपत येईपर्यंत मास्तरांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं, आकडे रेषेवर नीट बसलेले. मग कुठेतरी शून्याचं पोट सुटायला लागलं. आठ पानांनंतर शून्य वाटाण्याएवढं झालं. आकडे रेषा सोडून खाली उतरू लागले, दोन ठिकाणी तर शेजारच्या रकान्यात शिरले. पेन इतकं दाबून चालवलं होतं की पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तरी आकडे हाताला लागत. दोन मोजण्यांमधला फरकही तिथूनच आटत गेला होता. बारा, सात, चार, दोन.

त्यांनी विसावी वही उघडली. पहिल्या दोन महिन्यांची पानंही तशीच गबाळी. मग एक महिना दुसऱ्याच कुणाचं अक्षर. आणि त्यानंतर मास्तर परत आले होते. शून्य पुन्हा मोत्याएवढं आणि फरक पुन्हा दहा, अठरा, चौदा.

"तो मधला महिना मास्तर कुठे होते?" त्यांनी विचारलं.

भाचीने कार्यालयातून हजेरीपट मागवला. "रजेवर. कारण लिहिलंय, बहिणीकडे."

"बहिणीकडे जाऊन कुणाचं अक्षर सुधारत नाही," मावशी म्हणाल्या. "दारूने हात थरथरतो, पण मग रेषा नागमोडी येते. इथे रेषा ठाम आहे. हात तोच आहे, चांगला आहे. या माणसाला दिसत नव्हतं गं! मोतीबिंदू असणार. कडेचे, फिके जंतू त्यांच्या नजरेतून निसटत होते, म्हणून संख्या कमी. डोळे इतके शिणायचे की दुसरी बाजू मोजवतच नसे, म्हणून पहिल्याच्या जवळचा आकडा लिहून टाकायचा. तुझ्या आलेखातला खड्डा पुरुषांमध्ये नव्हता, मास्तरांच्या डोळ्यांत होता."

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला वेगळंच काहीतरी आठवलं होतं.

"मावशी, तेव्हा ते अहवाल लोकांच्या हातात दिले होते. खऱ्या माणसांच्या."

५

मास्तरांनी काहीच नाकारलं नाही. मावशींनी दोन्ही वह्या आणि तो रफ कागद टेबलावर मांडला, तेव्हा त्यांनी पांढरा कोट काढला, घडी घातली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"पानं घरी आहेत," ते म्हणाले. "जाळायला काडीही ओढली होती. नाही जमलं. सव्वीस वर्षं जे लिहिलं ते कसं जाळू?"

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" भाचीचा आवाज चिरकला. "महिन्याभराच्या रजेत होणारं ऑपरेशन होतं!"

"तेव्हा विभागप्रमुख मोठे सर होते. एका तंत्रज्ञाची नजर अधू झाली म्हणून त्यांनी त्याला भांडारात पाठवला होता. तो पुन्हा वर आलाच नाही. वाटलं, माझंही तेच होणार. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत चौदा महिने गेले. बरा होऊन आलो आणि गप्प बसलो. मॅडम, तुमच्या आलेखात तो खड्डा दिसला ना, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. समिती वही उघडणार म्हटल्यावर धीर सुटला."

"आणि त्या गणिती पोराला संध्याकाळी निलंबनाचं पत्र मिळणार आहे," मावशी म्हणाल्या. "ठाऊक आहे का तुम्हाला?"

मास्तर ताडकन उठले. त्यांना ठाऊक नव्हतं. दहा मिनिटांत ते अधीक्षकांच्या खोलीत उभे होते, आणि त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. "त्याच्या पत्रावर माझं नाव घाला!"

भाची मात्र जागची हलली नाही. "सहा वर्षं," ती पुटपुटली. "मीच उद्या सांगायचं की चौदा महिन्यांचे आकडे खोटे आहेत. मग बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?"

मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "खोटं कशावरून पकडलं आपण?"

"फरक फार कमी होता, त्यावरून."

"मग तीच कसोटी बाकीच्या वर्षांना लाव की! जी गिरवलेली सही पकडते, तीच खऱ्या सहीला खरी ठरवते. हाक मार त्या लांब मानेच्याला. दुपार आहे अजून."

६

शनिवारी अकरा वाजता समिती आली. पाच माणसं, पैकी पाहुणे प्राध्यापक मधोमध. बारीक, ताठ, आणि प्रश्न विचारताना मान तिरकी करणारे.

भाचीने सुरुवातच गुन्ह्याने केली. अधीक्षकांनी डोळे मिटून घेतले. तिने कोरी वही दाखवली, मग मास्तरांनी पहाटेच आणून दिलेली मूळ पानं समोर ठेवली.

"सर, तुमचं म्हणणं बरोबर होतं," ती प्राध्यापकांना म्हणाली. "तो खड्डा आमची चूक आहे. ती कुठल्या पानावर सुरू झाली आणि कुठल्या पानावर संपली, तेही आता आम्हाला ठाऊक आहे."

गणितज्ञ उठला. काल त्याची नोकरी जाता जाता राहिली होती, आणि आज तो लग्नघरातल्या माणसासारखा लगबगीत होता. त्याने दुसरा आलेख लावला. प्रत्येक वर्षी दोन मोजण्यांमध्ये किती फरक पडायला हवा आणि किती पडला.

"प्रामाणिक मोजणीत फरक पडलाच पाहिजे, आणि किती पडेल याचं गणित आहे. हे चौदा महिने त्यात नापास. बाकीची सगळी वर्षं पास. एकूण एक. आणि ते चौदा महिने काढून टाकले की..."

त्याने पडदा बदलला. खड्डा नाहीसा झाला होता. पहिल्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत उतार जात होता, बारीक, सलग, कुठेही न अडखळणारा.

प्राध्यापकांनी मान तिरकी केली आणि मागच्या रांगेत बसलेल्या मास्तरांकडे बोट केलं.

"तुमचे डोळे आता बरे आहेत?"

"हो, साहेब."

"मग आत्ता मोजून दाखवा. तोच नमुना मीही मोजतो. तुमचा आकडा मला सांगू नका."

सगळा लवाजमा प्रयोगशाळेत गेला. दोन सूक्ष्मदर्शक, दोन काचा, एकच नमुना. मास्तरांनी कोट चढवला. भाची नखं कुरतडत होती. मावशींनी तिचा हात धरून खाली केला. मास्तरांनी आपला कागद उपडा ठेवला. प्राध्यापकांना चार मिनिटं जास्त लागली.

कागद उलटे केले. मास्तर: २१४, १९८. प्राध्यापक: २०५, २२१.

प्राध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. आणि त्या ताठ चेहऱ्यावर हसू उमटलं.

"मी या वह्यांविरुद्ध दोन लेख लिहिले," ते भाचीला म्हणाले. "तिसरा बाजूने लिहावा लागणार. स्वतःची चूक कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते दाखवू शकणारी प्रयोगशाळा मी आजवर पाहिली नव्हती. आणखी दहा वर्षं हे काम चालू राहिलं पाहिजे, अशी शिफारस मी स्वतः करतो."

गणितज्ञाने आनंदाच्या भरात अधीक्षकांनाच मिठी मारली. अधीक्षक आधी अवघडले, मग त्यांनीही त्याची पाठ थोपटली.

मास्तरांना लेखी ताकीद मिळाली आणि अहवालावर सही करायचा अधिकार गेला. त्यांनी एकच मागणं मागितलं. त्या चौदा महिन्यांत तीनशे बारा पुरुषांनी नमुने दिले होते. त्या सगळ्यांना पत्रं जायला हवीत, आणि ती आपणच हाताने लिहू.

७

पत्र मिळाल्यावर आलेल्यांत एक ट्रकचालक होता, बायकोला घेऊन आलेला. आल्या आल्या त्याने पत्र टेबलावर आपटलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी," मास्तर उभे राहिले.

"सात वर्षं मी मान खाली घालून फिरलो! भावाच्या घरी बारसं असलं की गाडी घेऊन लांबच्या फेरीला जायचो."

मास्तरांनी नमुन्याची रिकामी डबी त्याच्यापुढे ठेवली. ट्रकचालकाने मग नमुना दिला. अहवाल आला तेव्हा भाचीने तो स्वतः वाचून दाखवला. संख्या चांगली होती. चांगली म्हणजे कुणालाही हेवा वाटावा अशी.

तो माणूस हसत सुटला. पण त्याची बायको हसली नाही. ती पुढे सरकली.

"मॅडम, आता मला तपासा."

"तुम्हाला? आधी तपासलं असेल ना?"

"कधीच नाही. यांचा कागद बघून सगळे म्हणाले, दोष यांच्यात आहे, बाईला कशाला तपासायचं? सात वर्षांत मला कुणी हात लावला नाही."

मावशी त्या दिवशी सहज डोकावल्या होत्या. ते ऐकून त्यांनी भाचीकडे पाहिलं, आणि भाची तिथल्या तिथे स्त्रीरोग विभागाला फोन लावायला धावली. दोष निघाला. थायरॉइडचा, रोज एक गोळी घेऊन आटोक्यात येणारा. एवढ्याशा गोळीसाठी सात वर्षं गेली होती.

पुढच्या वर्षी मास्तरांच्या निवृत्तीच्या आठवड्यात ते दोघे पुन्हा आले. या वेळी तिघं होते. तपासणीच्या बाहेरच्या खोलीत नेहमीप्रमाणे दहाबारा पुरुष एकमेकांची नजर चुकवत बसले होते. ट्रकचालक दारातच ओरडला, "मास्तर! मुलगी झाली!"

मास्तर आतून धावत आले. बाईने गुलाबी दुपट्यातलं ते गाठोडं त्यांच्या हातात दिलं. त्यांना धड घेता येईना, की धड बघता येईना, डोळे इतके भरून आले होते. मावशींनी त्यांच्या कोपराखाली हात दिला. तेवढ्यात कोपऱ्यातला एक गृहस्थ उठून जवळ आला. मग दुसरा. "कुणासारखी दिसते?" "नाक आईचं हो!" "छे, बापाचंच आहे!" बघता बघता सगळी खोली उठून भोवती जमली, सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

गलका इतका वाढला की अधीक्षक तावातावाने जिना चढून वर आले. "हे काय चाललंय? हे इस्पितळ आहे!"

"रांगेत या, साहेब," ट्रकचालक म्हणाला. "सगळ्यांना बघायचंय."

आणि अधीक्षक खरोखरच रांगेत उभे राहिले.